महाराष्ट्राचे ऊर्जाधोरण
महाराष्ट्र राज्यात विजेची निर्मिती, वहन व वाटप कोणी करावे, तिचा दर कसा ठरवावा आणि ती कोणत्या साधनांपासून मिळवावी यांविषयी राज्य शासनाने वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचा समुच्चय. भारतीय संविधानानुसार वीज हा विषय समवर्ती सूचीत येतो. अणुऊर्जा व खनिज तेल हे विषय केंद्राकडे आहेत आणि कोळशाच्या खाणींवरही प्रत्यक्षात केंद्राचेच नियंत्रण राहिले आहे. आंतरराज्यीय नद्यांसंबंधीच्या केंद्राच्या अधिकारास अधीन राहून पाणी मात्र राज्याच्या अधिकारात येते. राज्याचे धोरण या मर्यादांत घडले. त्यामुळे त्याचा इतिहास बऱ्याच अंशी पाणी कोणत्या दिशेने न्यावयाचे व विजेची किंमत कोणी द्यावयाची, या दोन प्रश्नांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा उद्योगसमूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडण्याची कल्पना अमलात आणली. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे त्यातून उभी राहिली. यांपैकी मुळशी येथील धरणाला सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळातील शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रहाने विरोध केला. धरण झाले, पण एका प्रदेशाची जमीन घेऊन दुसऱ्या प्रदेशाला वीज द्यावी काय, हा प्रश्न त्या लढ्याने प्रथमच उघडपणे मांडला. तत्कालीन शासनाची भूमिका परवाने देणे व जमीन संपादन करून देणे एवढ्यापुरतीच होती. त्याला धोरण म्हणणे कठीण.

वीज मंडळ व कोयना : १९४८ च्या वीज (पुरवठा) अधिनियमाने राज्यांना स्वायत्त मंडळे स्थापण्याचा मार्ग मोकळा केला. मुंबई राज्यात असे मंडळ १९५४ मध्ये आले व राज्यनिर्मितीनंतर २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वात आले. मुंबई शहराचा पुरवठा पूर्वीच्याच परवानाधारकांकडे राहिला. परिणामी चांगला दर देणारा मोठा ग्राहकवर्ग मंडळाच्या थेट कक्षेबाहेर राहिला, ही गोष्ट पुढील आर्थिक ओढाताण समजण्यासाठी ध्यानात ठेवावी लागते.

नव्या राज्याची पहिली मोठी योजना म्हणजे कोयना. पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत केंद्रात १९६२ पासून वीज निर्माण होऊ लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात मोठी प्राणहानी झाली, तसेच वीजनिर्मिती थांबून मुंबईचा पुरवठा कोलमडला. एका केंद्रावर किती विसंबावे, याचा धडा त्या पहाटेने दिला. तथापि कोयनेचा विस्तार चालूच राहिला. कोळकेवाडीचा तिसरा टप्पा व १,००० मेगॅवॉटचा चौथा टप्पा मिळून, धरणाच्या पायथ्याच्या केंद्रासह, तिची क्षमता १,९६० मेगॅवॉट झाली. चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशयाच्या तळाशी सुरुंग लावून पाणी बोगद्यात घेण्यात आले.

पश्चिमेकडे पडलेले पाणी वाशिष्ठीमार्गे समुद्रास मिळते. पूर्वेकडे सोडले असते तर ते कृष्णा खोऱ्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांना उपयोगी पडले असते. कृष्णा पाणी-तंटा लवादाने कोयनेच्या पश्चिमेकडील वळवणीवर वर्षाला ६७·५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. त्यामुळे कोयना ही सतत चालणाऱ्या केंद्रापेक्षा मागणी शिगेला पोहोचते त्या तासांसाठी राखून ठेवण्याची शक्ती बनली.

औष्णिक विस्तार : पाण्याची मर्यादा स्पष्ट झाल्यावर शासनाचा भर कोळशावर वळला. नासिकजवळील एकलहरे, परळी, कोराडी ही केंद्रे १९७० च्या दशकात, तर चंद्रपूर १९८३ मध्ये सुरू झाले. कोळसा विदर्भात व मागणी मुख्यत्वे मुंबई-पुणे-नासिक पट्ट्यात, अशी रचना झाली. चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किमी. लांबीची उच्च दाबाची एकदिश वाहिनी तिचेच प्रतीक होय. खाणी, राख व धूर एका प्रदेशाच्या वाट्याला आणि कारखाने दुसऱ्याच्या, ही विदर्भाची तक्रार निराधार म्हणता येत नाही. परळीची निवड पाण्याच्या दृष्टीने किती नाजूक होती, हे २०१३ च्या दुष्काळात केंद्र बंद ठेवावे लागले तेव्हा दिसून आले.

कृषिपंपांचा दर : १९७० नंतरच्या दशकात शासनाने ग्रामीण विद्युतीकरण व कृषिपंपांची जोडणी यांना अग्रक्रम दिला. विहिरींवर मोटेऐवजी पंप आले व बागायत वाढली, हे या धोरणाचे निर्विवाद यश होय. परंतु पंपाची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीप्रमाणे ठोक दराने करण्याचा निर्णय दूरगामी ठरला. शेतकऱ्यास तो सोयीचा होता आणि लक्षावधी मीटर वाचण्याचा मंडळाचा खर्चही टळत होता. मात्र पंपांनी खरोखर किती वीज वापरली हे मोजण्याचे साधनच उरले नाही. चोरी व गळती यांचा हिशेब शेतीच्या अंदाजी वापरात मिसळून जाऊ लागला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाल्यावर दरनिश्चितीच्या जाहीर सुनावण्यांत ग्राहक प्रतिनिधींनी हे आकडे तपासले, तेव्हा अठरा टक्क्यांच्या आत दाखविली जाणारी गळती प्रत्यक्षात तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे निष्पन्न झाले. शेतकऱ्यांच्या नावावर टाकलेला भार सर्वस्वी त्यांचा नव्हता, हे यातून उघड झाले.

दाभोळ प्रकरण : १९९१ नंतर केंद्राने वीजनिर्मिती खाजगी व परदेशी भांडवलास खुली केली. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी सामंजस्य करार झाला व डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करारावर सह्या झाल्या. गुहागर तालुक्यातील या प्रकल्पासाठी स्पर्धात्मक निविदा मागविल्या नव्हत्या. जागतिक बँकेने त्यास अर्थसाहाय्य नाकारले होते. करारात वीज घेतली वा न घेतली तरी स्थिर आकार देण्याची अट होती. तो बव्हंशी डॉलरशी निगडित होता आणि त्यास राज्याची हमी व केंद्राची प्रतिहमी होती. मार्च १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या शासनाने ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला; पण वाटाघाटींनंतर क्षमता वाढवून, एकूण २,१८४ मेगॅवॉटसाठी, तो पुन्हा स्वीकारला. पहिल्या टप्प्यातील वीज मे १९९९ मध्ये मिळू लागली. नॅफ्था महाग झाला, रुपया घसरला व मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही. मंडळाचे देणे मात्र वाढत गेले. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००१ मध्ये निर्णयप्रक्रियेवर कठोर ताशेरे ओढले. त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने खरेदी थांबविली आणि डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये प्रकल्प नव्याने स्थापन झालेल्या, सार्वजनिक क्षेत्राच्या सहभागाच्या कंपनीकडे आला. दराच्या वादापेक्षा मोठे नुकसान वेगळेच होते. या एका करारात गुंतून पडल्याने राज्याने दशकभर नव्या निर्मितीचा विचार मागे टाकला व २००५ नंतरचे प्रदीर्घ भारनियमन ओढवून घेतले.

विभाजन व नवी उद्दिष्टे : २००३ च्या विद्युत अधिनियमानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन होऊन सूत्रधारी कंपनीच्या छत्राखाली निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करणे, भिवंडीचे वितरण २००७ पासून खाजगी प्रतिनिधीकडे सोपविणे, तसेच वसुलीनुसार भारनियमनाचे तास ठरविणे हे उपाय याच काळातील आहेत. शेवटच्या उपायात नियमित बिल भरणाऱ्यास शेजाऱ्याच्या थकबाकीची शिक्षा मिळे.

अपारंपरिक ऊर्जेसाठी राज्याने १९८५ मध्ये महाऊर्जा ही संस्था स्थापिली. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर १९९० नंतरच्या दशकात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०१५ च्या धोरणात १४,४०० मेगॅवॉटचे उद्दिष्ट होते व त्यात पवनऊर्जेचा वाटा ५,००० होता. डिसेंबर २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत १७,३६० मेगॅवॉटचे उद्दिष्ट ठेवले; त्यात सौर वाटा १२,९३० व पवनाचा २,५०० इतकाच. पाच वर्षांत कल सूर्याकडे किती झुकला, हे या आकड्यांवरून कळते.

२०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दोन्ही धाग्यांना जोडते. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीस दिवसा वीज द्यावी, असे तिचे स्वरूप असून राळेगणसिद्धी हे तिच्या आरंभीच्या ठिकाणांपैकी एक होय. रात्रीच्या पाळीने पाणी द्यावे लागणाऱ्या शेतकऱ्याची विंचू-सापांच्या भयातून सुटका आणि अनुदानाच्या भारात घट, असा तिचा दुहेरी हेतू आहे. जुलै २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याचा निर्णय झाला. शासन ही रक्कम वितरण कंपनीस देते. पंपाच्या प्रत्यक्ष वापराच्या मोजणीचा प्रश्न त्या निर्णयाने सुटलेला नाही.