स्वार आणि वाहन यांची सांगड : वसई-विरारच्या संदर्भात एक टिपण

वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच रस्ते, रूळ आणि यंत्रे यांच्याकडे जाते. परंतु वाहन एकाच्या मालकीचे आणि उपयोग अनेकांचा, अशी व्यवस्था जेथे असते तेथे एक निराळाच प्रश्न उभा राहतो : कोणते वाहन कोणाच्या हाती द्यावयाचे? हा निवाडा आजवर कोणी केला आणि कोणत्या कसोटीवर केला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

वसई-विरारमध्ये हा प्रश्न भूगोलानेच निर्माण केला आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत आगगाडी सुरू झाली; १९३६ साली विजेची गाडी विरारला पोहोचली. मात्र वसई गाव, गिरीज, निर्मळ, आगाशी, अर्नाळा ही जुनी वस्ती रुळांच्या पश्चिमेस, समुद्राच्या बाजूला पसरलेली. त्यामुळे मुंबईचा प्रवास सुलभ झाला तरी स्थानक ते घर हे अंतर उरलेच. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर भरली. २०१२ पासून पालिकेच्या बसगाड्या धावू लागल्या. पण शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांसाठी सामायिक रिक्षा, स्वतःची दुचाकी किंवा पायपीट हेच पर्याय बहुतेकांपुढे राहिले.

अशा अंतरावरचा महाराष्ट्रातील जुना उपाय म्हणजे तासाच्या भाड्याची सायकल. दुकानदार गिऱ्हाइकाची उंची डोळ्यांनीच मापी. चोवीस इंची सांगाडा कोणाला द्यावा, बावीस इंची कोणाला, बैठक किती खाली घ्यावी, हे तो क्षणात ठरवी. शिकाऊ पोरासाठी लहान सायकल वेगळी असे. वहीत नाव आणि वेळ टिपली जाई. ओळखीच्या माणसाकडे अनामत मागितली जात नसे, अनोळख्याला मात्र कोणाची तरी हमी आणावी लागे. येथे ‘योग्यता’ या शब्दाचे दोन अर्थ एकत्र नांदत होते : स्वाराचे शरीर आणि त्याची पत. ही पद्धत निर्दोष नव्हती. ज्याला गावात ओळख नाही, त्याला तेथे सायकलही नव्हती.

दुचाकीला इंजिन लागल्यावर निवाड्याचा अधिकार कायद्याकडे गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने गिअर नसलेल्या, ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या दुचाकीसाठी वयोमर्यादा १६ वर्षे ठेवली; इतर दुचाकींसाठी १८. त्याच कायद्याखाली १९९७ साली मोटारसायकली भाड्याने देण्याची केंद्रीय योजना निघाली. गोव्यात हा व्यवसाय पर्यटनाच्या आधाराने फोफावला. आता दुकानदाराला गिऱ्हाइकाचे घराणे ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. परवाना पुरेसा झाला. अनोळखी माणसाला दार उघडले, ही या बदलाची जमेची बाजू. परंतु परवान्यावर माणसाची उंची नसते, की गाडीचे वजन त्याला पेलेल किंवा नाही हेही नसते.

निवाडाच नको, असाही एक प्रयोग झाला. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये प्रोव्हो या गटाने पांढऱ्या रंगाच्या बिनकुलपाच्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. पॅरिसमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘व्हेलिब’ने कार्डाने उघडणारी ठाणी उभारली, तेव्हा उतारावरून खाली आलेल्या सायकली वर परतेनात, म्हणून चढावरील ठाण्यांवर सायकल पोहोचविणाऱ्यास जादा मिनिटे देण्यात आली. पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात अशा सायकली आल्या; पाठोपाठ अनेक कंपन्या उतरल्या, आणि काही वर्षांतच त्यांपैकी बहुतेक दिसेनाशा झाल्या. या तिसऱ्या पर्वात निवाडा यंत्राकडे गेला असून त्याची मुख्य कसोटी समीपता ही आहे. यंत्र सर्वांत जवळचे वाहन दाखविते; ते स्वाराला साजेसे आहे काय, हे स्वारानेच पाहावयाचे.

या तिन्ही पर्वांत एक सूत्र दिसते. ज्याला नुकसान सोसावे लागते, तोच योग्यतेची व्याख्या करतो. दुकानदाराला सायकल गमावण्याचे भय होते, म्हणून त्याने पत पाहिली. शासनावर अपघाताचा भार होता, म्हणून त्याने परवाना पाहिला. कंपनीला रिकामे उभे वाहन परवडत नाही, म्हणून ती अंतर पाहते. स्वाराच्या गरजेपासून आरंभ करणारी व्याख्या मात्र क्वचितच झाली.

महाराष्ट्र शासनाने १९ जानेवारी २०२३ रोजी खाजगी दुचाकींचा असा सामायिक वापर मना केला आणि २०२५ साली विजेवर चालणाऱ्या दुचाकी टॅक्सींना नियमांच्या चौकटीत अनुमती दिली. एक लाखावरील लोकवस्तीची शहरे, प्रत्येक सेवेकडे किमान ५० वाहने, एका फेरीस १५ किलोमीटरांची मर्यादा, अशा त्यातील मुख्य अटी. लोकसंख्येच्या निकषावर वसई-विरार यात सहज बसते. पण सकाळी सारा ओघ स्थानकाकडे आणि सायंकाळी उलट; त्यामुळे सकाळी वाहने स्थानकापाशी साचणार आणि आगाशीच्या रस्त्यावर एकही नसणार, हे पॅरिसच्या अनुभवावरून सांगता येते. शिवाय पाटी घेऊन निघालेली मासळीवाली, रात्रपाळीहून परतणारी परिचारिका आणि सांधे धरलेला वृद्ध यांना जवळचे वाहन हेच योग्य वाहन असेल, असे मानण्यास आधार नाही. वहीतल्या नोंदीत जी पारख होती ती यंत्राच्या नोंदीत कशी आणावी, आणि तीही जुन्या ओळखीचा पक्षपात टाळून, हा प्रश्न नगररचनेइतकाच सामाजिक इतिहासाचाही आहे. त्याच्या उत्तरासाठी फेऱ्यांची संख्या मोजून भागणार नाही. ज्यांना वाहन मिळाले नाही, त्यांचीही गणना करावी लागेल.