शब्द मोजून फी : इंग्लंडमधील सॉलिसिटरांच्या बिलाचा इतिहास 🧵

१/ वकिलाचे बिल एवढे मोठे का येते, हा प्रश्न जुनाच आहे. इंग्लंडमध्ये त्याचे एक उत्तर जुन्या दस्तांच्या लांबीत सापडते.

२/ जमिनीच्या खरेदी-विक्रीचे दस्त सॉलिसिटर तयार करीत आणि फी लांबीवर ठरे. ७२ शब्दांचा एक ‘फोलिओ’. फोलिओ वाढले की फी वाढे. साहजिकच एका शब्दाच्या जागी चार समानार्थी शब्द येऊ लागले.

३/ पानांवर मोबदला ठेवला की शब्द वाढतात आणि कायद्याची भाषा बिघडते, हे अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये नोंदवले होते.

४/ अशिलाला संरक्षण होते. १७२९ च्या कायद्यानुसार बिल इंग्रजीत व सुवाच्य अक्षरांत द्यावे लागे. ते न्यायालयाकडून तपासूनही घेता येई. मात्र १८०४ मध्ये व्यवसायावरील कर वाढवताना सरकारने मोबदला घेऊन असे दस्त लिहिण्याचा हक्क पात्र कायदेतज्ज्ञांपुरताच राखला. स्पर्धा आटली.

५/ १८८१ च्या कायद्यानंतर फी मालमत्तेच्या किमतीवर ठरू लागली. शब्द वाढवण्याचे कारण उरले नाही. पण काम तेवढेच असूनही महागड्या घराची फी जास्त झाली. ही दरपत्रके १९७० च्या दशकात गेली. मक्तेदारी १९८५ च्या कायद्याने मोडली.

६/ पुढे तासांचा हिशेब रूढ झाला. माप बदलत गेले, परंतु काम किती लागेल हे ठरवणारा आणि त्याचे बिल लावणारा एकच राहिला. अशिलाला ते पारखणे अवघड होते. महागाईचे एक मूळ तिथेच होते.