ग्रंथकर्त्याची सही

बडोद्यातले जुने वाडे एकेक करून उतरत आहेत आणि त्यांच्याबरोबर माळ्यावरच्या पुस्तकांच्या पेट्याही खाली येत आहेत. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या किती घरांतले ग्रंथसंग्रह गेल्या काही वर्षांत वजनावर गेले, याची कुणी मोजदाद केलेली नाही. त्या पुस्तकांपैकी एखाद्याच्या कोऱ्या पानावर नामवंत लेखकाची सही निघते, आणि मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘आजोबांची आणि त्यांची ओळख होतीच.’ दुसरा म्हणतो, ‘कशावरून?’ हा दुसरा पक्ष घरात अप्रिय असला, तरी इतिहासाच्या कामाचा तोच आहे.

पहिली परीक्षा अक्षराची नसून तारखांची असते. आपल्याच गावाचे उदाहरण घेऊ. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात केला. राम गणेश गडकरी त्याआधी चार आठवडे, २३ जानेवारीला सावनेरला वारले होते. नाटकातली पदेसुद्धा त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. तेव्हा पदांसह छापलेल्या ‘एकच प्याला’च्या प्रतीवर गडकऱ्यांची सही असूच शकत नाही, मग ती कितीही झोकदार असो. प्रयोगाच्या रात्री गडकऱ्यांनी स्वतः सही दिली असे कुणी सांगू लागले, तर ते प्रेमाने ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. केशवसुत १९०५ मध्ये गेले, बालकवी १९१८ मध्ये. दोघांचेही कवितासंग्रह निघाले ते त्यांच्या पश्चात. याउलट ‘गीतारहस्य’ १९१५ च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाले आणि लोकमान्य गेले १ ऑगस्ट १९२० ला. मधली पाच वर्षे मोकळी आहेत, त्यामुळे तिथे शक्यता उरते आणि पुढची तपासणी करावी लागते. तारीख पाहताना पुस्तकाची आवृत्तीही पाहावी. मुखपृष्ठ गेलेले असते, पण मुखपृष्ठामागच्या पानावर आवृत्तीचे साल बहुधा टिकून असते.

दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘सन १८६७ च्या २५ व्या कायद्याप्रमाणे’ नोंदणी केल्याचा मजकूर आपण सर्वांनी पाहिला आहे. चोरून पुस्तके छापणारे त्या काळीही होते. त्यांना आळा घालण्यासाठी अनेक ग्रंथकर्ते प्रत्येक प्रतीवर सही किंवा शिक्का करीत, आणि ज्या प्रतीवर तो नसेल ती चोरीची समजावी अशी सूचनाही छापीत. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकावरची सही खरी असली, तरी ती आजोबांच्या स्नेहाची खूण असेलच असे नाही. शेकडो प्रतींवर बसल्या बैठकीत केलेला तो बंदोबस्त असू शकतो. सहीवर ‘यांस सप्रेम भेट’ असे नावानिशी लिहिले आहे का, हे म्हणूनच महत्त्वाचे.

तिसरी शक्यता मला सर्वांत अधिक वेळा खरी वाटते, आणि तिच्यात लबाडी मुळीच नाही. पुस्तक फाटले की ते बांधून घेण्याची आपल्याकडे पद्धत होती. बांधणीत मूळ वेष्टण जाई, कधी मुखपृष्ठही जाई. मग मालक कोऱ्या पानावर ठसठशीत अक्षरात पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव घाली. पन्नास वर्षांनी नातवाला तीच लेखकाची सही वाटते. शिवाय मराठी आडनावे तीच ती! ‘वा. म. जोशी’ किंवा ‘न. चिं. केळकर’ या आद्याक्षरांचे कारकून, मास्तर आणि पोस्टमन संस्थानात नसतील असे थोडेच आहे? पुस्तकाच्या मालकानेही आपले नाव पहिल्याच पानावर घातलेले असते. म्हणून त्याच पेटीतली इतर चार पुस्तके उघडून पाहावीत. तेच वळण तिथेही दिसले, तर कोडे सुटले.

आता शाईकडे. बॉलपेन बाजारात आले ते १९४० नंतरच्या दशकात, आणि आपल्याकडे रुळायला त्याहून वेळ लागला. तेव्हा लोकमान्यांची किंवा १९३४ साली वारलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची सही बॉलपेनने केलेली असेल, तर प्रश्नच मिटला. बॉलपेनचा दाब मागच्या बाजूला बोटाला लागतो. जुनी लोहयुक्त निळी-काळी शाई काळाने तपकिरी पडते. पुष्कळ पुस्तकांत लेखकाच्या छायाचित्राखाली सहीचा ठसा छापलेला असतो; भिंगाखाली धरला की ती छपाईची शाई आहे हे कळते, कारण टाकाच्या शाईसारखी ती कुठे फिकी, कुठे गडद होत नाही. रबरी शिक्क्याची शाई कडेला दाटलेली दिसते.

वळणाची परीक्षा सर्वांत अवघड. खरी सही वेगात होते. नक्कल करणारा आकार हुबेहूब उतरवतो, पण हात सावकाश चालतो, रेघ थरथरते आणि मध्येच टाक उचलल्याच्या जागा दिसतात. शिरोरेघ आधी की अक्षरे आधी, हेही पाहावे. मोडीत वाढलेली पिढी आधी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत असे. मोडीतली सही आज घरात कुणाला वाचताच येत नाही आणि ‘कुणीतरी रेघोट्या मारल्या’ म्हणून ते पुस्तक रद्दीत जाते. खोटी सही जपली जाते आणि खरी वजनावर जाते, हे आपल्याच घरांत घडते आहे.

माणसाचा हातही वयाबरोबर बदलतो. वि. स. खांडेकरांची दृष्टी अखेरच्या वर्षांत गेली होती. १९७५ ची त्यांची सही तरुणपणीच्या सहीइतकी नेटकी असेल तर उलट शंका घ्यावी. पु. ल. देशपांड्यांनाही शेवटी कंपवाताने ग्रासले होते. म्हणजे थरथर दिसली की खोटी, असा नियम करता येत नाही. नमुना जुळवायचा तो त्याच काळातला हवा.

स्थळ आणि तारीख असेल तर ती ताडून पाहता येते. १९२१ चे साहित्य संमेलन बडोद्यात न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली झाले, १९३४ चे ना. गो. चापेकरांच्या. ‘बडोदे, १९२१’ अशी केळकरांची सही त्यामुळे संभवनीय ठरते. सिद्ध मात्र होत नाही, कारण संमेलनाची यादी नकली सही करणाऱ्यालाही वाचता येते. पाने त्या काळातली, शाई त्या काळातली, भेट ज्याला दिली तो गृहस्थ गावात राहत होता याची घरच्या कागदांत नोंद, आणि वळण जुळते, असे सगळे एकत्र आले तरच मी ‘खरी असावी’ म्हणेन. ‘आहे’ म्हणायला आणखी दोन नमुने मागेन.

पेटी उघडाल तेव्हा सहीचे पान फाडून चौकटीत लावू नका. पुस्तकापासून तुटलेली सही तपासता येत नाही. त्यावर चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचे आवरणही नको. पुस्तक कुणाकडून आले, कुठल्या पेटीत होते, शेजारी कोणती पुस्तके होती, हे एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून आत ठेवा. घरातल्या ज्येष्ठांना आठवते आहे तोवर ती चिठ्ठी लिहून घ्या.