उजाडण्याआधी गायलेला दिवस

लॉर्ड किचनरची ‘बर्थ ऑफ घाना’ ही तबकडी कागदपत्रांशेजारी ठेवली की पेच पडतो. लंडनच्या मेलोडिस्क कंपनीनं काढलेल्या या कॅलिप्सोत ६ मार्च १९५७ हा दिवस होऊन गेल्यासारखा, भूतकाळात गायला आहे. गोल्ड कोस्ट त्या दिवशी स्वतंत्र होऊन घाना झाला. ध्वनिमुद्रणांच्या याद्यांत मात्र साल १९५६.

मग गाणं रचलं केव्हा? ब्रिटिश सरकारनं ठरवलेली ही तारीख गोल्ड कोस्टचे पंतप्रधान एन्क्रुमांनी अक्राच्या विधिमंडळात जाहीर केली ती १८ सप्टेंबर १९५६ रोजी. याद्यांतलं साल बरोबर धरलं, तर उरतात त्या वर्षाचे शेवटचे साडेतीन महिने. म्हणून इथिओपियाच्या सम्राटानं अभिनंदन केल्याचं कडवं सोहळ्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. लंडनमधल्या एका त्रिनिदादी गायकाला काय घडावंसं वाटत होतं, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे. किचनर, म्हणजे अरिमाचा आल्डविन रॉबर्ट्स. १९४८च्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’मधून टिलबरीला पोचताच यानंच वृत्तपटाच्या कॅमेऱ्यासमोर लंडनचं कौतुक गायलं होतं.

गाण्यात झेंडाही आहे: लाल, सोनेरी, हिरवा आणि मधोमध काळा तारा. झेंडा थिओडोसिया ओको यांनी रेखाटला. ताऱ्याचं मूळ शोधू गेलं तर आपण पुन्हा कॅरिबियनमध्येच येतो. जमैकाच्या मार्कस गार्वींनी १९१९ मध्ये काढलेल्या जहाज कंपनीचं नाव ‘ब्लॅक स्टार लाइन’, आणि गार्वींच्या लेखनानं आपल्याला सर्वांत जास्त पेटवलं, असं एन्क्रुमांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्या कंपनीचं एकही जहाज आफ्रिकेला लागलं नाही. तारा तेवढा पोचला.

मी अडकतो ते एका सर्वनामाशी. एन्क्रुमांनी स्वातंत्र्य कोणाला आणून दिलं, हे सांगताना किचनर प्रथमपुरुषी अनेकवचन वापरतो. इंग्रजीत त्याला एकच शब्द पुरतो. मराठीत ‘आम्हाला’ की ‘आपल्याला’, हे ठरवावंच लागतं. ‘आम्हाला’ म्हटलं तर गायक घानाचा ठरतो, आणि तो तर तिथला नव्हता. मी ‘आपल्याला’ घेतो. त्याच्या त्रिनिदादवर तेव्हा युनियन जॅकच होता. तो उतरायला ३१ ऑगस्ट १९६२ उजाडावा लागला.