व्हीआर गेम खेळून सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची हालचाल खरंच सुधारते का?

डोळ्यांवर हेडसेट आणि आपल्याला न दिसणारे फुगे फोडायला हात वर नेणारं लेकरू. असा रील पाहिला की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे आपल्या कोल्हापुरात मिळेल का?’ पण त्याआधी हा गेम नेमकं करतो काय, ते बघू.

सेरेब्रल पाल्सी होते ती मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे. ही इजा वाढत नाही, पण भरूनही निघत नाही. स्नायू ताठरतात, तोल जातो, हात हवा तिथे पोहोचत नाही. हालचाल शिकायची तर तीच कृती शेकडो वेळा करावी लागते. आता सहा वर्षांच्या पोराला ‘हात वर कर’ असं कितीदा सांगणार? दहाव्यांदा ते रडायला लागतं. फुगा फोडायचा असेल तर मात्र तेच पोर स्वतःहून ‘अजून एकदा’ म्हणतं. गेमचा खरा उपयोग हा आहे, आणि तो छोटा नाही.

यासाठी महागडा हेडसेट लागतोच असंही नाही. बरेच अभ्यास टीव्हीसमोर खेळायच्या गेमवर झालेत. २००६ चा निन्टेंडो वी, २०१० चा मायक्रोसॉफ्ट किनेक्ट. किनेक्टचा कॅमेरा अंगाची हालचाल टिपायचा, हातात काही धरावं लागायचं नाही. ज्याची मूठच नीट वळत नाही, त्याला ही मोठी सोय. (२०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं, ते सोडा.) नेहमीच्या थेरपीच्या जोडीला असे गेम दिले तर तोल आणि हाताचा वापर सुधारतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. पण बहुतेक अभ्यास थोड्याच मुलांवरचे आहेत. आणि ‘जोडीला’ हा शब्द विसरू नका. मूल हात उचलण्याऐवजी अख्खं अंग वाकवूनही गुण मिळवतं. गेमला ते कळेलच असं नाही, फिजिओथेरपिस्टला कळतं.

शिवाय सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण चारपैकी एकाला फिट्सचा त्रास असतो. त्यामुळे लखलखणारे गेम डॉक्टरांना विचारूनच. मेटा कंपनीही आपला हेडसेट १० वर्षांखालच्या मुलांना देऊ नका म्हणते.

बरं, गेममध्ये हात वर गेला, पण शाळेला रॅम्पच नसेल तर? कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर असताना १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड सुरू केली, तेव्हा उपचारांसोबत शिक्षण, राहणं आणि रोजगार यांचाही विचार झाला होता.

हेडसेटसाठी हप्ते सुरू करण्याआधी केंद्राची ‘निरामय’ योजना बघा. तिच्यात सेरेब्रल पाल्सीसाठी वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा काही खर्चही बसतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तो नसेल तर आधी सीपीआर गाठा.