परीक्षेचे गुण व प्रवेशाचें दार

परीक्षेंतील गुण म्हणजे एक निर्विकार संख्या, असा सर्वसाधारण समज आहे. ज्याला अधिक गुण त्याला प्रवेश, ज्याला कमी त्याला नकार. यांत इतिहासाला शिरकाव तो कोठला, असें कोणीहि विचारील. परंतु बीड जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांकडे पाहिलें असतां निराळेंच दिसूं लागतें. गुण मिळवतो विद्यार्थी, पण त्या गुणांची किंमत ठरते ती प्रवेशाच्या नियमानें. आणि तो नियम दर पिढीला बदलत आला आहे.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ सालीं झाली. रानडे व भांडारकर हे त्या पहिल्या तुकडींतले. पुढें १८६६ पासून त्या परीक्षेंत संस्कृतांत पहिला येणारास जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवाची शिष्यवृत्ति मिळूं लागली. बीड मात्र तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, व तेथील मुलांची वाट हैदराबादेकडे जात असे. तेथें निजाम कॉलेज मद्रास विद्यापीठाशीं जोडलेलें, म्हणजे इंग्रजीचें; आणि १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ उर्दूचें. हिंदी लोकांच्या भाषेंतून सर्व शास्त्रें शिकवण्याचा तो उपक्रम मोठा खरा. परंतु घरीं मराठी बोलणाऱ्या मुलाला ती भाषाहि परकीच होती. त्याचें गणिताचें ज्ञान आधीं भाषेच्या चाळणींतून जावें, मग त्याला गुण मिळावे, असा तो प्रकार. १९३५ सालीं स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत आले, तेव्हां मराठवाड्यांतील शिक्षणाची ही स्थिति होती.

गुण तेच राहून दार कसें बदलतें, याचें उदाहरण १९३८ सालीं घडलें. वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्याचा आग्रह धरल्यावरून उस्मानियांतील अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यांत आलें. त्यांपैकीं पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. पुढें पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच. विद्यार्थी तेच, त्यांची बुद्धि तीच. एका शहरांत ते अपात्र ठरले व दुसऱ्या शहरांत पात्र.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. मागासलेल्या विभागांची भीति ओळखून १९५३ च्या नागपूर करारांत विशेष शिक्षणाच्या प्रवेशांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा देण्याचें मान्य झालें. घटनेच्या ३७१ व्या कलमांतहि तांत्रिक शिक्षणाच्या न्याय्य सोयीचा उल्लेख आला. औरंगाबादेस १९५६ सालीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें, आणि १९७० नंतरच्या दशकांत अंबाजोगाईस, एका तालुक्याच्या गांवीं, दुसरें उभें राहिलें.

याच विचारांतून पुढें सत्तर-तीसचा नियम आला. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र या प्रत्येक विभागांतील राज्याच्या वांट्याच्या वैद्यकीय जागांपैकीं सत्तर टक्के त्याच विभागांतील विद्यार्थ्यांना, तीस टक्के सर्व राज्याला. हेतु रक्षणाचा होता. परंतु मराठवाड्यांत महाविद्यालयें थोडीं, म्हणून सत्तर टक्क्यांतल्या जागाहि थोड्या. उलट लातूरसारख्या ठिकाणीं झटून अभ्यास करणारीं मुलें वाढत गेलीं. ज्या गुणांवर अन्य विभागांत प्रवेश मिळे, त्या गुणांवर बीडच्या मुलाला घरीं बसावें लागे, अशी तक्रार होऊं लागली. कुंपणच शेत खाऊं लागलें, तें असें. सप्टेंबर २०२० मध्यें शासनानें तो नियम रद्द केला.

मापहि मधल्या काळांत बदललें होतें. आधीं बारावीचे गुण पाहत. १९९९ पासून राज्याची सामायिक परीक्षा आली. २०१७ पासून देशाची एकच परीक्षा, 'नीट'. तिचे गुण ७२०. बरोबर उत्तरास चार मिळतात, चुकल्यास एक कापला जातो, म्हणजे एका चुकीनें पांच गुणांचें अंतर पडतें. अमेरिकेंत शाळकरी मुलांच्या महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षा घेऊन १ ते ५ गुण देतात. पण तेथील नामांकित महाविद्यालयें तो आंकडा शाळेंतील प्रगति, शिक्षकांचीं पत्रें व घरची परिस्थिति यांच्या जोडीनें वाचतात. आमच्याकडे, आरक्षणाचे वर्ग सोडले तर, आंकडा एकटाच बोलतो.

यांत एक मोठा गुण आहे, तो नाकारतां येणार नाहीं. ज्याच्या मागें कोणी नाहीं, त्याचा वशिला म्हणजे हा आंकडाच. शिफारसपत्रांचा काळ आला तर मजुराच्या मुलीला पत्र कोण देणार? म्हणून ही परीक्षा मोडावी, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं लाखों माणसें मुकादमाची उचल घेऊन दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तीं फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परततात. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चांत आणि नीट मे महिन्यांत. ज्या महिन्यांत शहरांतील मूल शिकवणीच्या वर्गांत बसलेलें असतें, त्या महिन्यांत येथील कित्येक घरांतून मोठ्या मुलीवर धाकट्या भावंडांचा व स्वयंपाकाचा भार असतो.

अशा घरांतील शाळकरी मुलांकरितां हंगामी वसतिगृहें काढण्याची कल्पना शासनाला सुचली, ती योग्य दिशेची होय. ती सोय बारावीच्या शेवटच्या पेपरापर्यंत व तेथून नीटच्या दिवसापर्यंत पोहोंचावी, एवढेंच आमचें मागणें आहे. भाषेची अडचण गेली, विभागाची भिंत गेली. आतां राहिली आहे ती या सहा महिन्यांची. ती दूर झाल्याखेरीज दोन मुलांचे गुण शेजारीं ठेवून त्यांची योग्यता तोलणें न्यायाचें होणार नाहीं.