अलास्कातील कर्णचिकित्सा आणि दूरसंदेश

अलास्कातील नोम या गावाचे नाव वैद्यकाच्या इतिहासात आले ते एका कंठरोगामुळे. १९२५ च्या जानेवारीत तेथे घटसर्पाची साथ उद्भवली व डॉ. कर्टिस वेल्च यांनी प्रतिविषासाठी बिनतारी संदेश धाडला. संदेश तत्काळ पोहोचला. औषध मात्र नेनानाच्या रेल्वेस्थानकापासून २० चालकांनी कुत्र्यांच्या घसरगाड्यांतून सुमारे १,०८५ किलोमीटर वाहून नेले, आणि त्यास साडेपाच दिवस लागले. ही साहसकथा बहुश्रुत आहे. त्याच प्रदेशातील मुलांच्या वाहत्या कानांची कथा तितकी परिचित नाही.

अलास्कातील मूळ रहिवाशांच्या मुलांत मध्यकर्णदाहाचे प्रमाण फार मोठे आढळते. भाषा शिकण्याच्या वयातच श्रवण मंदावले तर होणारी हानी पुढे सहसा भरून निघत नाही. बहुसंख्य खेड्यांना रस्ता नाही, आणि कर्णतज्ज्ञ तर दूर अँकरेजला. तेव्हा उपचाराचा भार गावातल्याच आरोग्यसाहाय्यकांवर पडला. १९५० नंतरच्या दशकात क्षयाची औषधे देण्यासाठी निवडलेल्या ग्रामस्थांतून ही परंपरा निर्माण झाली, व १९६८ साली तिला शासकीय मान्यता मिळाली. हे साहाय्यक रेडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेत. परंतु ध्रुवप्रदेशीय वातावरणातील विक्षोभांमुळे तो वारंवार बंद पडे. १९७१ मध्ये एटीएस-१ या उपग्रहाद्वारे संभाषण सुरू झाले, तेव्हा ही अडचण पुष्कळशी दूर झाली. तथापि कानाचा पडदा शब्दांनी कितीसा वर्णन करता येणार?

हे उणे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आफकॅन’ या योजनेने भरून काढले. कानात घालावयाच्या सूक्ष्म कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र घ्यावयाचे, श्रवणचाचणीच्या आलेखासह ते साठवून पाठवावयाचे, आणि तज्ज्ञाने सवडीने पाहावयाचे, अशी ही पद्धती. प्रत्यक्ष दृक्संभाषणापेक्षा ती साधी खरी, पण या कामास तीच अधिक योग्य होय. पडदा जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा. त्यावरील छिद्र, लाली वा शस्त्रक्रियेने बसविलेली नळी एका स्पष्ट चित्रात दिसते. (मळ आड आला तर यंत्राचा इलाज नाही, तो साहाय्यकानेच हाताने काढावयाचा!) नळी बसविलेल्या कानांच्या अशा चित्रांवरून केलेले निदान प्रत्यक्ष तपासणीच्या तोडीचे ठरते, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळून आले.

नोमच्या परिसरासंबंधी २०१० साली प्रसिद्ध झालेले आकडे या दृष्टीने बोलके आहेत. पूर्वी तज्ज्ञाकडे पाठविलेल्या नव्या रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना भेटीसाठी पाच महिने वा अधिक थांबावे लागे. नव्या पद्धतीच्या पहिल्या तीन वर्षांत हे प्रमाण ८ टक्क्यांवर आले, व पुढील तीन वर्षांत ३ टक्क्यांहूनही खाली गेले. शस्त्रक्रियेसाठी विमानप्रवास अर्थातच टळला नाही. तो कोणी व केव्हा करावा, हे मात्र गावातून आलेल्या चित्रावरून आधीच ठरू लागले.